विसावलेली बोटं

फू रिएंगच्या कचेरीत दुपारी पंखा
एकाच अंगाला वळून अडकतो.
काचेच्या चौकोनावर थेम मावशी अंगठा टेकवते.
लाल.
सदऱ्याला पुसून परत टेकवते.
लाल.
तर्जनी. मधलं बोट. अनामिका,
जिला मुळात नावच नाही, तिच्याकडून काय कळणार.
करंगळी. मग डावा हात.
दहा बोटं, दहा वेळा लाल,
आणि मागची रांग घसा खाकरते.

एकतीस वर्षं काजू फोडते ही.
टरफलातलं तेल काळं, चिकट, पोळणारं.
कातडी सोलवटते, नवी येते, तीही सोलवटते.
मोजे घातले तर बी निसटते,
आणि मजुरी तर किलोवर.
म्हणून राख चोळून बसतात सगळ्या.
तिच्या बोटांची टोकं
साबणाच्या उरलेल्या चिपेसारखी,
वरचं नाव केव्हाच धुऊन गेलेली.

सायगॉनहून क्वी नावाचा पोरगा आला होता
आम्हा कारकुनांना शिकवायला.
म्हणाला, बोट आम्ही कुठेच साठवत नाही.
बोटाचं गणित करतो, गणितात मीठ घालतो.
दवाखान्याच्या सर्व्हरला एक मीठ,
बँकेच्या सर्व्हरला दुसरं, पेन्शनवाल्यांना तिसरं.
एकाकडून चोरी झाली
तर तो माल दुसऱ्याच्या दारात अळणी.
पासवर्ड फुटला तर बदलता येतो, तो म्हणाला,
बोट कसं बदलणार? म्हणून हा खटाटोप.
आम्ही वहीत लिहून घेतलं.
मी हात वर केला: आणि बोटच बदललं तर?
तो छान हसला
आणि पुढच्या चित्रावर गेला.

मी ओळखते हिला.
माझी आई हिच्या शेजारच्या स्टुलावर बसायची.
माझ्या शाळेची फी त्याच शेडमधून यायची,
नोटांना तेलाचा वास.
पण माझ्या ओळखण्याला कुठे लावायची वायर?
मी म्हटलं, मावशी, टेटनंतर ये.

यंदा माल उशिरा आला.
टेटच्या सुट्टीला जोडून शेड अठरा दिवस बंद राहिली.
एकोणिसाव्या सकाळी ती आली,
बोटं पुढे धरून, जपून,
कुणाच्या घरची उसनी वाटी परत आणावी तशी.
टोकांवर रेषा आल्या होत्या.
दुधावर साय धरते तितक्याच.
श्वास धरून टेकवली.
हिरवा.
तिन्ही सर्व्हरांवर हिरवा.
मावशी म्हणाली, एवढंच होतं होय?
आणि तशीच कामावर गेली.

चाळिसेक दिवसांनी बँकेतून फोन:
तुम्ही नोंदवलेली बाई आणि समोर उभी असलेली बाई
एक नाहीत म्हणतंय यंत्र.
मागून मावशीचा आवाज येत होता,
ती आपलं पूर्ण नाव सांगत होती,
गावासकट, बापासकट, मोठ्याने.

यंत्र खोटं बोलत नव्हतं.
तीन सर्व्हरांत, तीन वेगळ्या मिठांत मुरलेली
एक बाई आहे, अठरा दिवस विसावलेली.
तिला कुणी चोरू शकत नाही.
मावशीलाही ती सापडत नाही.

खिडकी लावली, स्कूटर काढली.
बँकेत एक फॉर्म निघाला, पाचव्या पानावर जागा:
ओळख पटवणाऱ्याचा अंगठा.
मी ठेवला.
पहिल्याच खेपेला हिरवा.
स्वच्छ, ठळक, एकही रेषा न झिजलेला अंगठा माझा.
मावशीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला,
आईची चौकशी केली,
आणि पैसे दोनदा मोजले,
थुंकी लावून,
कारण नोटा तिच्या बोटांवरून सटकत होत्या.